फील्डची वायर

विमान घरी बांधता येतं, हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. पण ते कायदेशीर असतं, असं सांगितलं की लोक पुन्हा विचारतात, "म्हणजे खरंखुरं? माणूस बसतो त्यात?"

हो, बसतो. अमेरिकेत हा प्रकार सत्तर वर्षांहून जुना आहे. १९५३ साली विस्कॉन्सिनमध्ये पॉल पोबेरेझ्नी आणि त्यांच्या मित्रांनी घरी विमानं बांधणाऱ्यांची संघटना काढली. आज दर जुलैत त्याच राज्यातल्या ऑशकॉशला तिचा मेळावा भरतो आणि तिथे हजारो विमानं उतरतात. नियम साधा आहे. विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसानं स्वतः, शिकण्यासाठी किंवा आनंदासाठी केलेलं असलं पाहिजे. मग तपासनीस येतो, विमान बघतो, कागद देतो. विमानावर ठसठशीत अक्षरांत 'एक्स्पेरिमेंटल' लिहावं लागतं. आत प्रवाशाला दिसेल अशी एक पाटीही लावावी लागते. तिचा अर्थ असा, की हे विमान हौशी माणसानं बांधलेलं आहे आणि नेहमीच्या विमानांचे सुरक्षा-नियम ते पाळत नाही.

आपल्याकडे असं म्हटलं की कॅप्टन अमोल यादव आठवतात. कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनांचं विमान बांधलं. २०१६च्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते मुंबईकरांनी पाहिलं आणि २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. त्या बातम्या माझ्या आईनं कापून ठेवल्या होत्या, कारण तोवर हे वेड आमच्याही घरात शिरलं होतं. माझे दाजी, म्हणजे ताईचे मिस्टर, मूळचे विट्याचे. टेक्सासमध्ये नोकरी करतात. त्यांनी ओरेगनच्या व्हॅन्स कंपनीचं आरव्ही-७ या विमानाचं किट घेतलं होतं. दोन माणसं शेजारीशेजारी बसतील एवढं अ‍ॅल्युमिनियमचं विमान. गॅरेजमधून गाडी बाहेर गेली, शेपटी आत आली. पुढची सात वर्षं ताईचा संसार रिव्हेट मारण्याच्या आवाजात चालला.

माझं काम पुण्यात गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सची चाचणी घेण्याचं आहे. नवीन मीटर, कंट्रोल युनिट, दिव्यांचे ड्रायव्हर आमच्याकडे येतात. आम्ही त्यांच्यावर मुद्दाम जास्त व्होल्टेज सोडतो आणि ते जगतात का बघतो. दीड वर्षापूर्वी ऑफिसनं मला तीन महिन्यांसाठी टेक्सासला पाठवलं. विमानाचं वायरिंग तेव्हा अर्ध्यावर आलं होतं. दाजींना फुकटची इलेक्ट्रिकल इंजिनिअर मिळाली. ताईला मात्र माझ्याकडून वेगळंच काहीतरी हवं होतं. पहिल्याच रविवारी भांडी आवरताना तिनं विचारलं, "पहिले ४० तास ते एकटेच उडवणार. तसा नियमच आहे. त्यानंतर मी बसायचं म्हणतात. तू मला एवढंच सांग, बसू का?"

मला विमानाच्या पंखांतलं काही कळत नाही. मी तिला म्हटलं, "विजेचं तेवढं मी बघते. बाकीचं ज्याला कळतं त्याला विचार."

विजेचं बघायला गेले आणि पहिल्याच प्रश्नावर दाजींशी वाद झाला. अल्टरनेटर कुठला लावायचा?

आता इथे थोडं थांबून अल्टरनेटरच्या पोटात काय चालतं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. तुमच्या गाडीतही तो असतोच. इंजिन पट्ट्यानं त्याला फिरवतं आणि तो वीज तयार करतो. आत फिरतं लोहचुंबक असतं, पण ते कायमचं नाही. ती तारेची गुंडाळी असते. तिच्यातून वीज सोडली तरच ती चुंबक होते. या गुंडाळीला फील्ड म्हणतात. फील्डमध्ये तीन-चार अँपिअर सोडले की बाहेरच्या स्थिर गुंडाळ्यांतून साठ अँपिअर मिळू शकतात. म्हणजे फील्ड हा नळाचा चावीचा भाग झाला. ती चावी कमी-जास्त करत बसणाऱ्या कारकुनाचं नाव रेग्युलेटर. इंजिन हळू असो की जोरात, दिवे चालू असोत की बंद, तो व्होल्टेज चौदाच्या थोडं वर धरून ठेवतो. विमानात साधारण १४.२.

हा रेग्युलेटर दोन तऱ्हांनी मरतो. एक, तो फील्डची वीज तोडून मरतो. मग अल्टरनेटर थांबतो आणि बॅटरीवर जेवढं चालेल तेवढं चालतं. ही गरीब तऱ्हा. दुसरी, त्याच्या आतला ट्रान्झिस्टर शॉर्ट होतो आणि चावी पूर्ण उघडी राहते. फील्डला मिळेल तेवढी वीज जाते, त्यामुळे व्होल्टेज वाढतं. व्होल्टेज वाढलं की फील्डला आणखी वीज जाते. त्यामुळे ते आणखी वाढतं. आता त्याला आवरणारी एकच गोष्ट उरते, बॅटरी. ती जादाची वीज गिळत राहते. विमानाला वीस अँपिअर लागत असतील आणि साठ येत असतील, तर सोळा व्होल्टला चाळीस अँपिअर, म्हणजे ६४० वॉट बॅटरीत चाललेत. लहानशी इस्त्री बॅटरीच्या पोटात चालू ठेवल्यासारखं. बॅटरी तापते, वायू सोडते, आणि तिची ताकद संपली की व्होल्टेजला कुणीच धरत नाही.

हे मी कॉलेजात शिकले नाही. आमचे आप्पा कराडजवळ पुणे-बंगळूर हायवेला ऑटो इलेक्ट्रिकलचं दुकान चालवायचे. रात्री-अपरात्री ट्रक यायचे. ड्रायव्हर म्हणायचा, "मालक, बल्ब टिकंना झालेत." आप्पा बल्बकडे बघायचेही नाहीत. आधी बॅटरीवर हात ठेवायचे. तापलेली असली, झाकणापाशी ॲसिडचा उग्र वास आला, की म्हणायचे, "गाडी ओव्हरचार्ज मारतीया. रेग्युलेटर गेला." आणि पाना उचलायच्या आधी ते एकच गोष्ट करायचे. अल्टरनेटरवरून फील्डची वायर उपसून काढायचे. जुन्या ट्रकांना रेग्युलेटर वेगळ्या डबीत असायचा, त्यामुळे ती वायर बाहेर हाताशी मिळायची. वायर निघाली की चुंबक मेलं, चुंबक मेलं की वीज बंद. इंजिन खुशाल चालू राहू दे.

आणखी एक गोष्ट त्यांना अजिबात चालायची नाही. अल्टरनेटर चार्ज करतो का बघायला पुष्कळ मेकॅनिक चालू गाडीत बॅटरीची क्लिप काढतात. गाडी बंद पडली नाही तर अल्टरनेटर चांगला! आप्पा त्या पोराच्या हातावर फटका मारायचे. चार्ज होत असताना बॅटरी अचानक काढली तर त्या क्षणी अल्टरनेटरकडे जी वीज तयार आहे तिला जायला जागा उरत नाही. चुंबक विरायला थोडा वेळ लागतो, तेवढ्यात व्होल्टेज उसळतं. आमच्या लॅबमध्ये याला लोड डंप म्हणतात. बारा व्होल्टच्या गाडीत हा उसळा ८० व्होल्टपर्यंत जाऊ शकतो आणि ४० ते ४०० मिलिसेकंद टिकतो. सेकंदाचा अर्धा भागही नाही, पण इलेक्ट्रॉनिक्सला तेवढा पुरतो.

दाजींना जपानी गाडीचा अल्टरनेटर लावायचा होता. रेग्युलेटर आतच बसवलेला, हलका, स्वस्त, कुठेही मिळणारा. बरेच हौशी लोक असेच लावतात. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "लाखो गाड्या फिरतायत. कुणाचा अल्टरनेटर असा पिसाळलेला तू पाहिलास?"

"मी पुष्कळ पाहिलेत, दाजी. आप्पांच्या दुकानात रोज एक यायचा."

"तुमच्याकडं बिघडलेलेच यायचे ना गं! चांगले कशाला येतील?"

हे त्यांचं बरोबर होतं. दवाखान्यात बसून गाव आजारी आहे म्हणण्यासारखं ते होतं. पण त्यांचंही तसंच होतं. ज्यानं आयुष्यात चार गाड्या चालवल्या, त्यानं चारच अल्टरनेटर पाहिले. आमच्या दोघांच्याही अनुभवातून 'किती वेळा बिघडतो' याचं उत्तर निघणार नव्हतं. म्हणून मी प्रश्न बदलला. त्यांना कॉकपिटमध्ये बसवलं. पंख अजून लागले नव्हते, पण पॅनेल लागलं होतं.

"समजा आत्ता बिघडला. व्होल्टमीटर १७ दाखवतोय. काय बंद करणार?"

त्यांनी अल्टरनेटरच्या स्विचवर बोट ठेवलं.

"तो स्विच कुणाला जातो?"

"रेग्युलेटरला."

"आणि बिघडलंय कोण?"

ते हसले नाहीत. गाडीच्या अल्टरनेटरमध्ये आतला रेग्युलेटर फील्डची वीज आतूनच, स्वतःच्याच आउटपुटवरून घेतो. बाहेरची बारीक वायर त्याला फक्त 'आता थांब' असं सांगते. ट्रान्झिस्टर शॉर्ट झालेला असेल तर ऐकायला तिथे कुणी नसतं. जो बिघडला त्यालाच आपण विनंती करत बसतो. गाडीत असं झालं तर आपण कडेला घेतो, इंजिन बंद करतो. आठ हजार फुटांवर कडेला घ्यायची सोय नाही, आणि अल्टरनेटर थांबवायला इंजिन बंद करणं हा काही उपाय नव्हे.

कारखान्यात बनणाऱ्या लहान विमानांसाठी अमेरिकन नियमांत कित्येक वर्षं स्पष्ट अट होती, की प्रत्येक अल्टरनेटरला जादा व्होल्टेजपासून बचाव करणारी यंत्रणा हवी. घरी बांधलेल्या विमानाला ही सक्ती नाही. तिथे निर्णय बांधणाऱ्याचा. त्या जगात या विषयावर वर्षानुवर्षं वाद चाललेत. कॅन्ससचे बॉब नकल्स यांनी हौशी लोकांना विमानाची वीज समजावून सांगण्यात आयुष्य घातलं. 'द एअरोइलेक्ट्रिक कनेक्शन' हे त्यांचं पुस्तक अनेक गॅरेजमध्ये तेलकट हातांनी वाचलेलं दिसतं. जादा व्होल्टेजवर त्यांनी ज्या उपायाचा हिरिरीनं पुरस्कार केला, त्याचं इंग्रजी नाव क्रोबार. शब्दशः पहार.

पहार हे नाव अगदी योग्य आहे. फील्डला जाणारी वीज पाच अँपिअरच्या सर्किट ब्रेकरमधून न्यायची. त्या वायरीवर एक आगपेटीएवढं सर्किट बसवायचं. ते नुसतं व्होल्टेज बघत बसतं. साधारण १६च्या वर गेलं, की त्यातला थायरिस्टर नावाचा भाग चालू होतो आणि फील्डची वायर सरळ जमिनीला, म्हणजे विमानाच्या सांगाड्याला, जोडून टाकतो. वायरीवर लोखंडी पहार आडवी टाकल्यासारखं. मुद्दाम केलेला शॉर्ट सर्किट. प्रचंड करंट धावतो, पापणी लवायच्या आत ब्रेकर उडतो, फील्डची वीज तुटते, चुंबक मरतं. बॅटरी आणि बाकी सगळं विमान शाबूत.

थोडक्यात, आप्पांचा हात. तापलेल्या ट्रकखाली वाकून फील्डची वायर उपसणारा.

पण हे चालायला फील्डची वायर बाहेर असली पाहिजे. आत रेग्युलेटर असलेल्या अल्टरनेटरला पहार टाकायला जागाच नसते. त्यावर दुसरा उपाय निघाला. अल्टरनेटरच्या जाड आउटपुट वायरीत मोठा कॉन्टॅक्टर बसवायचा आणि गडबड झाली की तो उघडायचा. विमान वाचतं. पण भार असताना ती वायर तोडणं म्हणजेच आप्पांना न चालणारी ती बॅटरीची क्लिप. उसळा येतो आणि अल्टरनेटरचा आतला रेग्युलेटर मरतो. खरोखरच बिघडलेला असेल तर त्याचं दुःख नाही. पण कुणी चुकून चालू इंजिनात तो स्विच खाली-वर केला, तर चांगला अल्टरनेटर जायचा.

पहारीवरही आक्षेप आहेतच, आणि ते पोकळ नाहीत. मुद्दाम एवढा करंट कशाला उसळवायचा, हळुवारपणे नुसतं तोडता येतं की, असं काही जण म्हणतात. आणि विनाकारण उडण्याची भीती असते. लँडिंग लाइट बंद केला, फ्लॅपची मोटर थांबली, की वायरीत क्षणभर एक टोक उठतं. त्याला घाबरून सर्किट उडालं तर ते रक्षण कसलं, तो त्रास झाला. तीनदा विनाकारण उडाल्यावर माणूस ते काढून फेकतो, आणि मग चौथी वेळ खरी असते. म्हणून चांगल्या सर्किटला थोडा धीर असावा लागतो. काही मिलिसेकंदांचं टोक त्यानं सोडून द्यायचं, पण खरी चढण मात्र ओळखायची. किती वाट बघायची हे ठरवण्यातच सगळं कसब आहे.

मला या सगळ्यात एकच गोष्ट पक्की वाटली. हा निर्णय हवेत घ्यायचा नाही. पॅनेलवर दोन पडदे, दोघांची मिळून किंमत पुण्यात बरी गाडी येईल एवढी. कानात रेडिओ, समोर ढग. अशा वेळी व्होल्टमीटर १४ वरून १७ वर गेल्याचं माणसाला दिसेपर्यंत काही सेकंद जातात, काय करायचं ते आठवेपर्यंत आणखी काही. म्हणून काय जाऊ द्यायचं हे जमिनीवर, चहा पिताना, शांत डोक्यानं ठरवायचं आणि तारेत बांधून ठेवायचं. आपण अल्टरनेटर जाऊ द्यायचा, बाकीचं ठेवायचं. ठरलं.

दाजींनी आठवडाभर घेतला. मग बाहेर रेग्युलेटर असलेला अल्टरनेटर मागवला. मला म्हणाले, "तुझं पटलं म्हणून नाही, तो स्विच कुणाला जातो ते पटलं म्हणून."

सर्किट आल्यावर गॅरेजमध्ये ताईच्या इस्त्रीच्या टेबलावर त्याची परीक्षा घेतली. कमी-जास्त करता येणारा पॉवर सप्लाय, करंटला मर्यादा घातलेली, आणि फील्डच्या जागी गाडीचा एक बल्ब. १४ ला बल्ब शांत जळत होता. १५. १५.५. १६ ला बल्ब पांढरा पडला. १६.२ ला एकदम विझला. सप्लायचा काटा खाली कोसळला. दाजी म्हणाले, "परत." आम्ही अकरा वेळा केलं. अकराही वेळा १६.१ आणि १६.३ च्या मध्ये. मग मी लॅबमधल्यासारखी बारीक टोकं सोडली. सर्किट हललं नाही.

ताई दारात उभी राहून बघत होती. तिनं जो प्रश्न विचारला तो आमच्या दोघांच्याही यादीत वर नव्हता. "हे उडालं, वीज बंद झाली. पण हे यांना कळणार कसं?"

इंजिन चालूच राहणार. पडदे बॅटरीवर चालूच राहणार. काहीही वेगळं वाटणार नाही. आणि बॅटरी गुपचूप संपत राहील. रक्षण करणाऱ्यानं आपलं काम चोख केलं, पण निरोप दिला नाही, तर तासा-दीड तासानं एकेक पडदा काळा पडेल. त्यासाठी दाजींच्या आराखड्यात एक दिवा होता, पण पॅनेलच्या उजव्या कोपऱ्यात. अल्टरनेटर चालू असताना व्होल्टेज चौदाच्या वर असतं, नुसत्या बॅटरीवर साडेबाराच्या आसपास. म्हणून १३ च्या खाली गेलं की तो लाल दिवा लुकलुकायला लागतो. ताईच्या प्रश्नानंतर तो दाजींच्या बरोबर नाकासमोर आला.

मग पुढचा हिशेब. दिवा लागल्यावर किती वेळ आहे? गरजेपुरतं चालू ठेवलं तर सात अँपिअर लागत होते. बॅटरीवर १७ अँपिअर-तास छापलं होतं. छापलेल्यावर न जाता आम्ही भार लावून घड्याळ बघत बसलो. १ तास ५० मिनिटं. दाजींनी चेकलिस्टवर लिहिलं, ४५ मिनिटांत उतरायचं. ब्रेकर एकदाच परत दाबून बघायचा, पुन्हा उडाला तर हात लावायचा नाही. आणि ही बॅटरीची परीक्षा दरवर्षी घ्यायची. इंजिनाच्या एका बाजूला त्यांनी इलेक्ट्रॉनिक इग्निशन घातलंय, दुसऱ्या बाजूला जुना मॅग्नेटो ठेवलाय. मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही. सगळी वीज गेली तरी ठिणगी पडत राहते.

लिथियम बॅटरीचा विषय निघाला होता, कारण ती वजनाला फारच हलकी. पण अशा बऱ्याच बॅटऱ्यांच्या आत स्वतःला वाचवणारं सर्किट असतं. व्होल्टेज फार वाढलं की बॅटरी स्वतःला तोडून घेते. तिच्या दृष्टीनं शहाणपणाचंच. पण व्होल्टेजला धरून ठेवणारी तीच एकटी असते, आणि नेमक्या त्या क्षणी ती हात सोडते. म्हणजे लिथियम लावली तर पहारीची गरज कमी होत नाही, वाढते. दाजींनी जुनी जडच ठेवली.

आमच्या लॅबमध्ये एक परीक्षा असते. बारा व्होल्टच्या गाडीतल्या उपकरणावर १८ व्होल्ट, ६० मिनिटं. ती रेग्युलेटर बिघडल्याची नक्कल असते. मोटारीच्या जगाचा मानक कागदच धरून चालतो, की रेग्युलेटर कधीतरी जाणार आणि ड्रायव्हरला तासभर ते कळणार नाही. मी हे काम आठ वर्षं करत होते. कागदावर ती एक ओळ होती. कुणीतरी कधीतरी बसून ठरवलंय, की अनोळखी माणूस रात्री घरी पोचला पाहिजे, बिघडलेल्या गाडीनंसुद्धा. टेक्सासहून परत आल्यावर ती परीक्षा लावताना मला ते दिसायला लागलं.

निघायच्या आदल्या रात्री ताईला उत्तर द्यायचं होतं. 'सुरक्षित आहे' असं मी म्हटलं नाही. ते कुणालाच म्हणता येत नाही, आणि विमानातली ती पाटी तेच सांगते. मी म्हटलं, "विजेचं काय काय बिघडू शकतं ते आम्हाला माहीत आहे. बिघडलं तर काय जाईल, काय राहील, आणि दाजींकडं किती वेळ असेल, तेही माहीत आहे. एवढंच."

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "लग्न ठरवताना एवढंसुद्धा माहीत नव्हतं."

४० तास पूर्ण व्हायला दाजींना सात महिने लागले. त्यानंतरच्या शनिवारी ताई बसली. मी पुण्यात होते, रात्र झाली होती, झोप येत नव्हती. दीडच्या सुमाराला तिचा फोन आला. वरून शेतं कशी दिसतात, दाजी किती बोलतात, कान कसे दुखतात, सगळं सांगून झालं. ठेवता ठेवता म्हणाली, "आणि तो दिवा गं, मी पूर्ण वेळ त्याच्याकडंच बघत होते. एकदाही लागला नाही."

"तो लागला नाही तेच चांगलं."

"ते झालंच. पण उडायच्या आधी मी यांना तो लावून दाखवायला सांगितला होता. म्हटलं, चालतोय का बघू दे."